मे महिन्यातली नागपूरची खोली आणि तापलेला इंटरफेस : एका होम स्टुडिओची केस

मेचा दुसरा आठवडा, दुपारचे सव्वातीन, बाहेर ४४ डिग्री, आणि मित्राचा फोन. हॅलो नाही काही नाही, थेट "बे, हा डबा तापून राहिला ना, हात ठेववत नाही याच्यावर. याले एसी लागते का?" डबा म्हणजे त्याचा ऑडिओ इंटरफेस, माइकचा आवाज कॉम्प्युटरात नेणारा, दोन माइकवाला, यूएसबीवर चालणारा, अल्युमिनियमच्या बॉडीचा. मी रिपेअरिंगमधला माणूस, उन्हाळ्यात असे फोन मला दरवर्षी येतात, पण ही केस मी नीट लिहून ठेवली कारण ह्याच्यात एका तक्रारीच्या आड तीन वेगळ्या भानगडी होत्या आणि ज्याच्यावर सगळा संशय होता तो बिचारा जवळजवळ निर्दोष निघाला.

आधी खोली सांगतो, कारण अर्धी केस तिथेच आहे. दुसरा मजला, वर थेट गच्ची. खोली १० बाय ८ फूट, उंची साडेनऊ. दोन भिंतींना रॉकवूलचे पॅनल, खिडकी त्याने केव्हाच प्लाय आणि रॉकवूल ठासून बंद केलेली कारण खाली भाजीवाले ओरडतात, दाराला चहूबाजूंनी रबरी पट्टी. म्हणजे आवाजासाठी एकदम झकास आणि हवेसाठी थर्मास. रॉकवूल मुळात उष्णता अडवायलाच बनवतात, बॉयलरच्या पाइपांना गुंडाळतात तेच हे, आवाज शोषायचं काम ते जोडीला करतं, पण होम स्टुडिओ बांधताना हे कोणाच्या डोक्यातच येत नाही. खोलीत एसी नाही. हॉलमध्ये मोठा डेझर्ट कूलर आहे, दार उघडं ठेवलं की त्याची हवा आत येते, टेक (म्हणजे एक सलग रेकॉर्डिंग) सुरू झाला की दार बंद.

काम होतं ऑडिओबुकचं. साडेअकरा तासांचं पुस्तक, वाचणारा वेगळा, म्हणजे दोन माणसं त्या खोलीत, आणि डेडलाइन महिनाअखेर. तक्रार अशी की दुपारी सुरू केलं की पाऊण एक तासाने टेकमध्ये टिक-टिक यायला लागतं, कधीकधी शब्दाचा तुकडाच गायब, आणि सकाळी त्याच सेटिंगवर काहीच होत नाही. त्याने एकदा टेक थांबवून इंटरफेसला हात लावला, चटका बसला, आणि तपास तिथेच संपला.

मला फोन करायच्या आधी त्याने जे उपाय केले होते ते ऐकून मी डोक्याला हात लावला. पहिला उपाय, लॅपटॉपचा कूलिंग पॅड आणून इंटरफेस त्याच्यावर ठेवला. पॅडचे पंखे माइकपासून तीन फुटांवर, त्यामुळे प्रत्येक टेकमध्ये मागे घूंSS, मग ते काढायला नॉइज रिडक्शन, आणि ते इतकं दाबून लावलं की वाचणारा बादलीत तोंड घालून बोलल्यासारखा वाटायला लागला. दुसरा उपाय, फ्रीजरमधला जेल पॅक नॅपकिनमध्ये गुंडाळून इंटरफेसच्या डोक्यावर. हे ऐकून मी फोनवरच ओरडलो. गार वस्तूवर हवेतलं पाणी जमतं, स्टीलच्या ग्लासात बर्फ टाकला की बाहेरून घाम येतो तेच, आणि ते पाणी खाली कुठे जाणार तर जॅकच्या भोकात. गरमीने तो डबा मेला नसता, ह्याने नक्की मेला असता. तिसरा उपाय अजून व्हायचा होता, एक टनाचा एसी हप्त्यावर. दोन उन्हाळे हा माणूस त्या खोलीत स्वतः उकडत बसला तेव्हा एसी आठवला नाही, मशीनला चटका बसला तर लगेच ईएमआय!

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला मी गेलो, बरोबर इन्फ्रारेड थर्मामीटरची बंदूक. (कोविडमधली कपाळाची बंदूक ह्या कामाला बहुतेक वेळा चालत नाही, ती अंगाच्या तापासाठी असते, ४२-४३ च्या पुढे गेली की हात वर करते.) इंटरफेसवर नेम धरला तर आकडा आला ३८. खोलीच ३९ होती. मित्र हसला, "तुई बंदूकच खराब हाय." बंदूक ठीक होती, चकचकीत अल्युमिनियम इन्फ्रारेडला फसवतं, स्वतःची उष्णता कमी सोडतं आणि आजूबाजूची परावर्तित करतं, त्यामुळे आकडा खोटा कमी येतो. ह्यावर साधा उपाय म्हणजे काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवायचा, पाच मिनिटं थांबायचं आणि टेपवर नेम धरायचा. आता आलं ५३. नेटवर लोक "माझा इंटरफेस फक्त ३५ डिग्री आहे" म्हणून फोटो टाकतात त्यातले अर्धे आकडे असेच चुकलेले असतात असं माझं मत आहे.

मग सगळीकडे टेप लावत फिरलो. टेबलाच्या उंचीवर हवा ३९, छताजवळ ४१, स्लॅबची खालची बाजू ४६. मॉनिटर स्पीकरच्या मागची, उष्णता सोडणाऱ्या पट्ट्यांची प्लेट ६१. लॅपटॉपचा अडॅप्टर ५८. लॅपटॉपचं बूड ४९. आणि ५३ वाला इंटरफेस, ज्याच्यावर सगळा आळ.

इंटरफेसवर एक जांभळं मखमली कव्हर होतं, काकूंनी शिवलेलं, धूळ बसू नये म्हणून, पुढची बटणं तेवढी उघडी आणि बाकी तिन्ही बाजू आणि डोकं झाकलेलं. काकू दारातच उभ्या होत्या त्यामुळे मी जरा सांभाळून म्हटलं, "काकू, कव्हर छान आहे, फक्त मशीन चालू असताना काढून ठेवू." काकू म्हणाल्या, "मी त्याले तेच म्हणत होती बाबू, गोधडी पांघरून कोणी उन्हात बसते का?" म्हणजे शिवणाऱ्या बाईला जे कळत होतं ते वापरणाऱ्याला कळत नव्हतं. कव्हर काढलं, अर्ध्या तासाने ४८. पाच डिग्री फुकटात.

आता ४८-५३ हे जास्त आहे का? हाताला विचारलं तर हो, कारण साधारण ४५ च्या आसपास माणसाची कातडी दुखायला लागते आणि धातू उष्णता चटकन हातात ढकलतो, लाकडाचं टेबल त्याच तापमानाला असलं तर काही वाटत नाही. पण आतल्या चिपांचं गणित वेगळं. यूएसबी २ च्या पोर्टमधून ५ व्होल्टवर ५०० मिलिअँपियर मिळतात, म्हणजे जास्तीत जास्त अडीच वॅट, आणि हा इंटरफेस त्याच्यावरच जगतो. त्या अडीच वॅटमधली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णताच होते, आणि बनवणारे लोक ती बॉडीत आणून सोडतात, म्हणजे तो अल्युमिनियमचा डबा हाच त्याचा हीट सिंक, उष्णता बाहेर सोडणारा भाग आहे. बाहेरून गरम लागतो म्हणजे आतली उष्णता बाहेर यायचा रस्ता चालू आहे. प्लास्टिकच्या बॉडीचा असता तर बाहेरून कोमट लागला असता आणि आत जास्त शिजला असता. लोक फँटम पॉवरला (इंटरफेस केबलमधून कंडेन्सर माइकला देतो ती वीज) पण नाव ठेवतात की ४८ व्होल्टने गरम होतं, तर बहुतेक कंडेन्सर माइक दोन ते पाच मिलिअँपियर ओढतात, ४८ ने गुणलं तर फार तर पाव वॅट, ते ४८ व्होल्ट बनवताना थोडं अजून जातं, पण चटका त्याचा नाही.

मॅन्युअल काढायला लावलं. अशा बहुतेक डब्यांच्या मॅन्युअलात शेवटच्या पानावर ऑपरेटिंग टेम्परेचर लिहिलेलं असतं, ह्याच्यात ० ते ४० होतं. मित्र म्हणाला, बघ, ४० च्या वर गेलाय. नाही राजा, ते ४० म्हणजे आजूबाजूच्या हवेचं, डब्याचं नाही. हवा ३९. पण इथे मी त्याला अर्धे मार्क देतो, कारण ३९ म्हणजे काठावरच, आणि कव्हरच्या आत त्या डब्याची "आजूबाजूची हवा" ३९ राहतच नाही. आणि आपल्याकडे बंद खोली ४२ पर्यंत जाऊ शकते. तेव्हा काळजी अगदीच वेडेपणाची नव्हती, चुकीच्या जागी होती एवढंच.

मग खरा प्रश्न, क्लिक कोण करतंय. अंदाज बांधण्यापेक्षा इंटरफेस आणि लॅपटॉप दोघांना वेगळं करून बघायचं ठरवलं. माझा लॅपटॉप त्याच्या टेबलावर, त्याचाच इंटरफेस, तीच केबल, तीच खोली, दुपारी तीन ते साडेचार, नव्वद मिनिटं सलग रेकॉर्डिंग. घामाने माझा शर्ट चिकटला, फाइलमध्ये एक क्लिक नाही. मग उलटं, त्याचा लॅपटॉप, इंटरफेस काढून टाकलेला, जुना प्रोजेक्ट सगळ्या प्लगइनसकट (आवाजावर प्रक्रिया करणारे छोटे प्रोग्राम) लॅपटॉपच्याच स्पीकरवर प्ले केला. पस्तीस मिनिटांनी टिक. चाळिसाव्याला टिक टिक. एचडब्ल्यूइन्फो (लॅपटॉपच्या आतलं तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून ठेवलं होतं, प्रोसेसर ९८ डिग्री, थर्मल थ्रॉटलिंगच्या (म्हणजे तापल्यामुळे वेग कमी करण्याच्या) पुढे "येस", आणि प्रोसेसरचा वेग तीन गिगाहर्ट्झच्या वरून घसरून एकवर आलेला.

इथे थोडं थांबून सांगतो कारण हे कळलं की अर्ध्या लोकांचे प्रॉब्लेम सुटतात. रेकॉर्डिंगमध्ये कॉम्प्युटरला एकेक घास वेळेवर खावा लागतो. बफर म्हणजे हा घास, तो १२८ सॅम्पलचा (सॅम्पल म्हणजे आवाजाचं एक मोजमाप) आणि ४८ किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ४८ हजार सॅम्पल असतील तर एक घास सुमारे २.७ मिलिसेकंदांचा. तेवढ्या वेळात प्रोसेसरने सगळे प्लगइन चालवून पुढचा घास तयार ठेवायचा, नाही जमलं तर तिथे भोक पडतं, तेच आपल्याला टिक म्हणून ऐकू येतं. सिनेमा बघताना प्रोसेसर हळू झाला तर आपल्याला कळतही नाही, ऑडिओ मात्र उधारी ठेवत नाही. आणि बरेच लॅपटॉप प्रोसेसर शंभरच्या जवळ पोचले की स्वतःला वाचवायला मुद्दाम हळू होतात. सकाळी खोली ३१ असते तेव्हा तोच लॅपटॉप ८५-८८ वर निभावून नेतो, दुपारी हवेनेच आठ डिग्री वाढवले की काठ ओलांडतो. म्हणून सकाळी ठीक, दुपारी बोंब. गरमीचा संबंध होता, मित्राचा तेवढा अंदाज बरोबर, फक्त गरमी ज्याला लागत होती तो चार इंच बाजूला बसला होता.

लॅपटॉप कशावर ठेवला होता माहिती? अकॉस्टिक फोमच्या तुकड्यावर. पंख्याचा आवाज टेबलातून माइकच्या स्टँडला जाऊ नये म्हणून. हवा ओढायची जाळी खालून, आणि ती फोममध्ये रुतलेली. मी मागचं झाकण उघडलं तर पंख्याच्या आणि पट्ट्यांच्या मध्ये धुळीची अक्षरशः गादी, चार वर्षं कोणी बघितलंच नव्हतं, प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खडूसारखी झालेली. गादी काढली, पेस्ट नवीन लावली, फोम फेकून दोन इंच उंच स्टँड दिला. सगळं मिळून पाचशेच्या आतला खर्च, माझा चहा धरून. त्याच दुपारी, त्याच खोलीत, तोच प्रोजेक्ट, ८४. शिवाय बफर. हा माणूस ऑडिओबुक रेकॉर्ड करताना १२८ वर बसलेला आणि वाचणाऱ्याच्या ट्रॅकवर तीन प्लगइन चालू. अरे, वाचणाऱ्याला स्वतःचा आवाज इंटरफेसच्या डायरेक्ट मॉनिटरिंगमधून, कॉम्प्युटरला न जाता थेट हेडफोनमध्ये मिळतोय, त्याला लेटन्सीशी, म्हणजे आवाज उशिरा येण्याशी, घेणंदेणं नाही, मग ५१२ ठेव, घास साडेदहा मिलिसेकंदांचा होईल, प्रोसेसर निवांत जेवेल. प्लगइन एडिटच्या वेळी लाव.

इथे केस बंद झाली असं वाटलं. मी घरी गेलो, रात्री साडेनऊला फोन, "परत आलं बे."

पण हे वेगळं होतं. फाइल मागवली, ऐकली, हे टिक नाही, हे फट्, चर्र, पापड तळताना तेलात थेंब पडल्यासारखं, मध्येच खालच्या सुरात धप्प. दोन्ही वेव्हफॉर्म (आवाजाचे आलेख) शेजारी लावले तर फरक डोळ्याला दिसतो. दुपारच्या टिकमध्ये रेघ उभी तुटलेली, आणि दोन माइक लावले असतील तर दोन्ही ट्रॅकवर एकाच जागी. रात्रीचं चर्र फक्त मोठ्या कंडेन्सर माइकच्या ट्रॅकवर, दुसऱ्या ट्रॅकवर डायनॅमिक माइक होता तो स्वच्छ. म्हणजे कॉम्प्युटर नाही, इंटरफेसही नाही, माइक.

विचारलं, संध्याकाळी काय वेगळं केलं? काही नाही म्हणे, गरमी फार झाली म्हणून कूलर हॉलमधून सरकवून दाराला लावला आणि दोन टेकांच्या मध्ये आत हवा मारत होतो, माइक पण थोडा थंड होईल म्हणून त्याच्याकडेच तोंड केलं होतं. घ्या. आपल्या विदर्भात कूलर एवढा भारी चालतो कारण मे महिन्यात हवा कोरडी ठणठणीत असते, पाणी उडतं आणि हवा गार होते, पण ते उडालेलं पाणी जातं कुठे, खोलीतच. बंद खोलीत दमटपणा बघता बघता सत्तर ऐंशी टक्क्यांवर जातो, चादरी ओलसर लागतात ते त्यामुळेच. कंडेन्सर माइकच्या कॅप्सूलमध्ये पातळ पडदा आणि मागची प्लेट ह्यांच्यात केसाच्या जाडीपेक्षाही कमी फट असते, तिथे व्होल्टेज बसलेलं असतं आणि ते टिकायला इन्सुलेशन जबरदस्त कोरडं लागतं. ओल बसली की तिथून करंट पाझरतो, त्याचंच ते चर्र. डायनॅमिक माइकला असलं काही व्होल्टेज धरून ठेवायचं नसतं म्हणून तो त्याच हवेत मजेत. वर वाचणाऱ्याचा श्वास सहा इंचावरून, तो पण ओलाच.

म्हणजे बघा, जो "एक्स्ट्रा कूलिंग" दिला त्यानेच रात्रीचा टेक घालवला. मी सांगितलं माइक काढ, स्टीलच्या लाडवाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर रात्रभर ठेव. (तांदळात ठेवू नको, तांदळाची पावडर जाळीतून आत जाते, मग ते साफ करायला माझ्याकडेच येशील.) सकाळी चर्र बंद. तेव्हापासून तो डबा स्टुडिओचा सामान म्हणून मोजला जातो आणि काकूंना दिवाळीला दुसरा आणून द्यावा लागणार आहे.

कूलरची अजून एक गंमत. त्याच आठवड्यात एक तबलेवाला दोन ट्रॅक वाजवायला आला होता, घरून जुळवून आणलेला तबला ह्याच्या खोलीत कूलरच्या हवेत वीस मिनिटात उतरला, पुडी ओल धरते ना, तो बिचारा हातोडीने गट्टे ठोकत बसला आणि दार बंद झाल्यावर खोली तापून कोरडी व्हायला लागली तसा तबला वर चढायला लागला. बासरी असती तर वेगळ्या कारणाने असाच घोळ, हवा तापली की आवाजाचा वेग वाढतो आणि दहा डिग्रीला सूर साधारण पाव ते एक तृतीयांश सेमिटोनने (सेमिटोन म्हणजे पेटीच्या शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर) चढतो. हे मशीनपेक्षा मोठं दुखणं आहे पण ह्याच्यावर कोणी पंखा विकत नाही म्हणून चर्चा होत नाही.

तिसरी भानगड स्पीकरची, छोटी आहे पण पैशाच्या दृष्टीने सगळ्यात महाग पडली असती. मागची प्लेट ६१ होती ती का, तर दोन्ही मॉनिटर भिंतीला चिकटवून ठेवलेले आणि मधल्या फटीत फोम कोंबलेला, बास कमी व्हावा म्हणून. स्पीकरच्या आत पॉवर अँप्लिफायर असतो, ह्याचे जुन्या धाटणीचे क्लास एबी, म्हणजे घेतलेल्या विजेचा बराच भाग उष्णतेत घालवणारे, नुसते चालू असताना पण कोमट. क्लास डी असते तर हा भागच आला नसता. आणि वर त्याच्या घरचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा. लाईन गेली की ट्रान्सफॉर्मरमधून घर्रSS आवाज आणि प्लेट अजून तापते, त्या चौकोनी विजेत ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडाला त्रास होतो. फोम काढला, सहा इंच पुढे ओढले, लाईन गेली की स्पीकर बंद आणि हेडफोनवर काम, हा नियम. प्लेट ५२. बास थोडा बदलला, त्याची कुरकुर दोन दिवस चालली, मग कान बसला.

आता इंटरफेसकडे परत, कारण मित्राचा मूळ प्रश्न शिल्लक होता, की बाबा आज नाही बिघडला पण असा रोज तापून आयुष्य कमी होतं का? होतं. खोटं कशाला सांगू. आतले इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर आधी म्हातारे होतात, आणि त्यांचा जुना ठोकताळा असा की तापमान दहा डिग्री उतरलं की आयुष्य दुप्पट. समजा आतले कपॅसिटर १०५ डिग्रीला २००० तासांचे आहेत. ९५ ला ४०००, ८५ ला ८०००, ७५ ला १६०००, ६५ ला ३२०००. बॉडी ५३ तर आत ६५ धरू. रोज चार तास वापरला तर ३२००० तास म्हणजे जवळजवळ बावीस वर्षं. तेवढ्यात यूएसबीचं सॉकेट सैल होईल, ड्रायव्हर बंद होईल, नवीन मॉडेल येईल, आपलेच केस पांढरे होतील. पण हाच डबा चोवीस तास चालू ठेवला तर तेच ३२००० तास पावणेचार वर्षांतच संपतात. मी विचारलं रात्री बंद करतोस ना? तोंड पाडून म्हणाला, "पॉवरवाल्या हबला लावून ठेवला हाय, चालूच असते." म्हणजे लॅपटॉप झोपला तरी हा जागाच, रात्री तीन वाजता पण कव्हर पांघरून तापत बसलेला. स्विचबोर्डवर एक बटण वाढवलं. ह्या सगळ्या केसमध्ये इंटरफेसला मिळालेलं खरं कूलिंग म्हणजे ते बटण आणि काकूंचं कव्हर काढणं, बस.

मग एसी घ्यायचा का? इथे मी त्याला हो म्हटलं, पण हिशोब मांडून. खोलीत उष्णता कोण ओततंय ते बघ. बसलेला माणूस साधारण शंभर वॅट सोडतो, तुम्ही दोघं म्हणजे दोनशे. लॅपटॉप पन्नास-साठ, स्पीकर दोन्ही मिळून चाळीस धर, दिवे दहा, आणि इंटरफेस अडीच. म्हणजे त्या डब्यापेक्षा तू स्वतः चाळीस पट मोठा हीटर आहेस. आणि हे सगळं स्लॅबपुढे चिल्लर, वर गच्चीवर डोक्यावरच्या उन्हात चौरस मीटरला हजार वॅटच्या आसपास पडतात आणि खोलीचं छत सात चौरस मीटरच्या वर, त्यातलं आत येतं तो हिस्सा लहान असला तरी तो येतो कित्येक तास उशिरा, म्हणून खोली सगळ्यात जास्त तापलेली दुपारी दोनला नाही तर संध्याकाळी सहा-सातला असते. त्याने आठवडाभर नोंद ठेवली तेव्हा हे त्यालाच दिसलं.

त्यामुळे पहिला खर्च गच्चीवर करायला लावला. पांढरा रिफ्लेक्टिव्ह रंग फक्त त्या खोलीपुरता आणि वर हिरवी नेट. स्लॅबची खालची बाजू ४६ वरून ४० वर आली, खोली दुपारी ३५ च्या आसपास राहायला लागली. मग एक टनाचा एसी, एक टन म्हणजे साडेतीन किलोवॅट उष्णता उचलायची ताकद, एवढ्या खोलीला भरपूर. पण एसी चालू ठेवून टेक घ्यायचा नाही, आतल्या युनिटची सळसळ ऑडिओबुकमध्ये लपत नाही, वाक्यांच्या मधल्या शांततेत स्पष्ट ऐकू येते. आधी अर्धा तास २४ वर गार करायची, बंद, दार लावायचं, टेक. खोलीतली हवा जेमतेम चोवीस-पंचवीस किलो, कागदावर तीनशे वॅट तिला मिनिटाला पाऊण डिग्री चढवतात, प्रत्यक्षात भिंती आणि सामान बरंच पिऊन टाकतं, तर त्याच्याकडे पंचवीस मिनिटात २४ ची २८-२९ होते. मग दहा मिनिटं ब्रेक, एसी चालू, वाचणारा पाणी पितो, मित्र मागचा टेक ऐकतो. ह्याने अजून एक झालं, वाचणाऱ्याच्या चुका कमी झाल्या. आधी चाळिसाव्या मिनिटाला तो जोडाक्षरांवर अडखळायचा, आम्हाला वाटायचं तयारी कमी, तो बिचारा उकडून निघत होता. एसी इंटरफेससाठी म्हणून विचारला होता, उपयोगी पडला गळ्याला.

मग खास कूलिंग लागतं तरी कोणाला, असं तो शेवटी वैतागून म्हणाला. लागतं की. व्हॅक्यूम ट्यूबवाले प्रीअँप (माइकचा बारीक सिग्नल मोठा करणारे), ज्यांच्या एकेका छोट्या ट्यूबचं नुसतं फिलामेंटच दोनेक वॅट खातं. क्लास ए ची मशीनं, जी नुसती चालू असली तरी भरपूर तापतात. रॅकमध्ये पॉवर अँप्लिफायर असेल आणि वरखाली अजून डबे घट्ट कोंबले असतील तर तिथे मध्ये एक खण मोकळा सोडायचा, जास्त तापणारा वर ठेवायचा म्हणजे त्याची उष्णता दुसऱ्याच्या बुडाला लागत नाही, आणि रॅकचं मागचं दार बंद करायचं नाही. बंद कपाटात ठेवलेला डेस्कटॉप. मोठे जुने अ‍ॅनालॉग मिक्सर, त्यांचा पॉवर सप्लायच एवढा तापतो आणि घुमतो की मोठ्या स्टुडिओत ही गरम आणि आवाज करणारी मंडळी बाहेर मशीन रूममध्ये ठेवतात आणि तिथे वेगळा एसी लावतात. ह्यातलं त्याच्याकडे काहीच नव्हतं. आणि लागलाच पंखा तर मोठ्या पात्याचा, हळू फिरणारा, हवा बाहेर ओढणारा, माइकपासून लांब. छोटा पंखा जोरात फिरला की त्याची शिट्टी नेमकी बोलण्याच्या आवाजाच्या पट्टीत येते.

पुस्तक महिनाअखेरीऐवजी जूनच्या चार तारखेला गेलं. पहिले दोन तास, जे कूलिंग पॅडच्या घूंSS मध्ये रेकॉर्ड झाले होते, ते पूर्ण परत वाचावे लागले, नॉइज रिडक्शनने ते वाचवता येणार नाहीत हे मी त्याला तीनदा सांगितलं आणि चौथ्यांदा प्रकाशकाने सांगितलं तेव्हा पटलं.

उरलेलं काम त्यांनी पहाटे पाच ते नऊमध्ये केलं, खोली तेव्हा ३० च्या आसपास, एसीची गरजच कमी, लॅपटॉप पंचाहत्तरच्या आत, इंटरफेस टेप लावून मोजला तर ४०, उघडा, कव्हर बाजूला घडी करून. शेवटचं प्रकरण चालू असताना परत फोन आला, मला वाटलं आता काय तापलं. म्हणाला, "तापलं काही नाही बे. ती कोकिळा पाच वाजल्यापासून ओरडून राहिली ना लिंबावर, तिचं काय करू सांग."